राघू मोजणारे मामंजी

राघूनं माशी तारेवर किती वेळा आपटली, हे मोजणारा माणूस तुम्ही दोघांनी पाहिलेला नाही. मी पाहिला आहे, आणि चोवीस वर्षं त्याला जेवायला वाढलं आहे. ते माझे सासरे, म्हणजे तुमच्या आईचे आजोबा. मी त्यांना मामंजी म्हणायचे. शेजारचे गुजराती लोक त्यांना ‘पतरंगावाळा काका’ म्हणायचे, कारण आपण ज्याला वेडा राघू म्हणतो त्याला ते पतरंगो म्हणतात. चिमणीएवढाच, पण सडसडीत. अंग हिरवं, डोक्यावर तांब्याची झाक, डोळ्यातून गेलेली काळी रेघ आणि शेपटीच्या मधून निघालेल्या दोन बारीक काड्या. तो तारेवर बसतो, झेप घेतो, उडती माशी पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. मग ती माशी तारेवर आपटतो, घासतो, पुन्हा आपटतो. नांगी गेल्याखेरीज गिळत नाही.

“नांगीवाल्या माशीला नऊ ते चौदा,” मामंजी सांगायचे. “चतुराला दोन-तीन. चतुराला नांगी नसते हे त्याला ठाऊक आहे. आणि तुम्ही त्याला वेडा म्हणता. वेडा कोण ते एकदा ठरवा.”

ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. त्यांचे वडील संस्थानच्या नोकरीत होते, ते स्वतः जमिनीच्या मोजणीत. साखळी टाकून लोकांच्या बांधांचे तंटे मिटवण्यात उभा जन्म गेला होता, त्यामुळे कुणाच्या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. कुणी म्हटलं, आज फार उकडतंय, तर ते विचारायचे, “कशावरून?” तुमचे आजोबा रिफायनरीतून बारा तासांची पाळी करून आले आणि दमलो म्हणाले, तरी “कशावरून?”

माझं इंग्रजी शाळेतलं शिक्षण आणि ग्रंथालयातली नोकरी हा त्यांचा आवडता चारा होता. खूश असले की सुधा म्हणायचे, टोचायचं असलं की सुधाबाई. “सुधाबाई, आज इंग्रजीतून विचार केलेला दिसतो. भात करपलाय.” “आमटीला चव आहे. कशाची ते मात्र कळत नाही.” पाहुण्यांसमोर म्हणायचे, “आमच्या सूनबाईंची कार्डं अगदी बरोबर लागलेली असतात. पुस्तकं कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी.” मी आत जाऊन कपाटातले डबे उंचीप्रमाणे लावत बसायचे. रडण्यापेक्षा मला ते बरं वाटायचं. डबे लावून झाले की बाहेरून आवाज यायचा, “झाले का लावून? हळदीचा डबा मागं टाकलास.” आणि खरोखरच तो मागे टाकलेला असायचा.

आम्ही तेव्हा बडोद्याला रावपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. तुमची आई जिन्यात बसून अभ्यास करायची. मामंजींच्या नावावर शहराबाहेर गोत्रीला एक प्लॉट होता. त्यांनी घेतला तेव्हा तिथे नुसती शेतं आणि बाभळी होत्या. कुण्या वीटभट्टीवाल्यानं पूर्वी तिथली माती उपसली होती, त्यामुळे प्लॉटच्या मधोमध पुरुषभर उंचीचा, सुरीनं कापल्यासारखा उभा मातीचा कडा उरला होता. होळीच्या सुमारास राघूंच्या जोड्या त्या कड्याला लटकून चोचीनं बिळं कोरायच्या आणि पायांनी माती मागे उडवायच्या. हातभर, दीड हात खोल बीळ. आत कसलंही अंथरूण नाही. पांढरीशुभ्र गोटीसारखी अंडी नुसत्या मातीवर.

मामंजी रोज सकाळी पहिल्या बसनं गोत्रीला जायचे आणि ऊन चढलं की परत यायचे. कड्याच्या मागच्या अंगाला एक कडुनिंब होता, त्याच्या बुंध्याशी बसायचे. डाव्या खिशात चिंचोके असायचे. पक्षी तारेवरून उतरून कड्याच्या धारेखाली गेला की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. घरी आले की चिंचोके मोजून वहीत आकडा लिहायचे. मग हात धुवायचे आणि आमटीला नाव ठेवायला पानावर बसायचे.

जेवताना आम्हाला राघूच ऐकावे लागायचे. “अंडी एकदम फुटत नाहीत. आज एक, उद्या एक. पहिलं पिल्लू मोठं होतं, शेवटचं काडीसारखं राहतं. खाणं कमी पडलं की मोठी खातात, शेवटचं मरतं. आईबाप त्याला बाहेरसुद्धा काढत नाहीत. बाकीची त्याच्यावर पाय देऊन दाराशी येतात.” एवढं सांगून झालं की तुमच्या आजोबांकडे बोट. ते तीन भावांतले धाकटे. थोरले दोघे मुंबईला मोठ्या जागांवर होते. “आमचं शेवटचं तेवढं जगलं. पण बघा, रिफायनरीत.” तुमचे आजोबा मान खाली घालून पोळी मोडत राहायचे. वडिलांशी बोलायची वेळ आली की ते चपला शोधायला लागायचे.

तुमच्या आईला मनगटाचं विचारा. ती दहा वर्षांची असताना हट्ट करून त्यांच्याबरोबर गोत्रीला गेली होती. त्या दिवशी एक धामण कड्यावरून सरपटत आली आणि बिळात शिरली. वर तारेवर जोडी ओरडत होती. तुमची आई काठी घेऊन धावली, तेव्हा मामंजींनी तिचं मनगट धरलं आणि धामण बाहेर येईपर्यंत सोडलं नाही.

“आजोबा, ती खाईल त्यांना! सोडा ना!”

“खाईलच. खायलाच गेलीय. घड्याळ बघ. किती वेळ आत राहते ते सांग मला.”

“तुम्ही दुष्ट आहात!”

“असेन. किती मिनिटं झाली?”

सात मिनिटं झाली. धामण फुगीर पोट घेऊन बाहेर आली, तेव्हा त्यांनी हात सोडला. घरी आली तेव्हा तिच्या मनगटावर चार बोटं उमटलेली होती. मी चिडून विचारलं, तर म्हणाले, “धामण उपाशी राहिली असती तर तू वाढणार होतीस तिला? तुझ्या हातचं?”

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, मग आजी, हा माणूस तुला आवडायचा तरी का? माझी आई गेली तेव्हाचं सांगते. नाशिकला तिला पोचवून परत आले आणि दोन दिवस अन्न घशाखाली उतरेना. घरातल्या सगळ्यांनी समजावलं.  तिसऱ्या दिवशी सकाळी मामंजी म्हणाले, “चप्पल घाल.” मला बसनं गोत्रीला नेलं आणि कडुनिंबाखाली शेजारी बसवलं. तारेवर एकच राघू होता.

“याची मादी परवा शिक्रा पक्ष्यानं नेली,” ते म्हणाले. “काल, परवा हा काही खात नव्हता. नुसता बसून होता. आज बघ.”

आम्ही बघत राहिलो. बराच वेळ गेला. मग त्यानं झेप घेतली, माशी आणली, आपटली.

“किती?” त्यांनी विचारलं.

“अकरा,” मी म्हणाले. मी मोजत होते हे मला तेव्हाच कळलं.

“बरोबर. चल. आज भेंडीची भाजी कर, आणि या खेपेला चिकट होऊ देऊ नकोस.” मी त्या दिवशी जेवले. आयुष्यात माझं सांत्वन पुष्कळांनी केलं, पण कामाला आलं ते तेवढं एकच.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर बडोदं झपाट्यानं बदलायला लागलं. रावपुऱ्यात जुन्या इमारती पाडून दुकानांचे मजले चढत होते, गोत्रीत एकेका वर्षात सोसायट्यांच्या रांगा उभ्या राहत होत्या. आमच्या घरमालकालाही मार्केट बांधायचं होतं. तो जिना चढून वर आला, पाणी प्यायला आणि हात जोडून म्हणाला, “दिवाळी सुधी, भाभी. पछी एक दिवस नहीं.” माणूस वाईट नव्हता. दिवाळीनंतर एक दिवसही नाही, हे मात्र पक्कं होतं. तुमची आई त्या वर्षी बारावीत जाणार होती. कुठेतरी पुन्हा भाड्याच्या खोल्या शोधायच्या, की आपल्या जमिनीवर घर बांधायचं? ते घर मला हवं होतं. मला दार बंद होईल अशी एक खोली तिच्यासाठी हवी होती, आणि खरं सांगायचं तर एक स्वतःसाठीही.

घर बांधायचं म्हणजे तो कडा पाडायला हवा होता. तुमचे आजोबा चपला शोधत राहिले. शेवटी मीच बोलले.

“मामंजी, दिवाळीला आपण रस्त्यावर येऊ.”

“कशावरून?”

मी मालकाची नोटीस त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली, भिंगातून, कारण तोपर्यंत डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मग बराच वेळ खिशातल्या चिंचोक्यांशी खेळत बसले.

“राघूला बीळ लागतं, तसं माणसाला घर लागतं,” ते म्हणाले. “पाड. पण पिल्लं उडाल्यावर. शेवटचं पिल्लू उडालं की दुसऱ्या दिवशी मशीन आण, मी आड येणार नाही. त्याआधी मात्र फावडंसुद्धा लावायचं नाही.”

“शब्द?”

“शब्द कसला मागतेस? मोजणीवाल्याचा खुंटा आहे तो. एकदा ठोकला की ठोकला.”

आमचे बांधकामवाले रमणभाई. त्यांनी सांगितलं, “बेन, जेठ बेठा पछी मशीन नहीं मळे.” जेठ महिना लागला की सगळी मशीनं पावसाआधीच्या कामांवर जातात. वैशाख संपायच्या आत कडा पडला, तर पावसाळ्यापूर्वी पाया भरून घेता येईल आणि दिवाळीला निदान दोन खोल्यांवर छत येईल. नाहीतर सगळंच पुढच्या वर्षावर. त्या वर्षी कड्यात चार बिळं लागली होती. वैशाखाच्या मध्यापर्यंत तीन बिळांतली पिल्लं उडून गेली. चौथ्याची जोडी उशिरानं बसली होती, कारण पहिली अंडी धामणीनं खाल्ली होती.

नेमकं तेव्हाच मामंजींना डोळ्याचं ऑपरेशन टाळणं अशक्य झालं. डॉक्टर म्हणाले, आता थांबलात तर डोळा जाईल. त्या काळी टाके घालायचे, सहा दिवस दवाखान्यात ठेवायचे आणि पुढे महिनाभर धूळ, ऊन, वाकणं सगळं बंद. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि स्वतःची वही माझ्या हातात दिली. ती वही त्यांनी तोवर कुणाला हातात घेऊ दिली नव्हती.

“चौथं बीळ,” ते म्हणाले. “तीन सकाळी बसायचं, उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत. तीन दिवस एकही पक्षी किडा घेऊन आत गेला नाही, तर पिल्लं उडाली असं समज. वाटलं ते लिहू नकोस, दिसलं ते लिही. जमेल?”

“जमेल.”

“तुला जमेल,” ते म्हणाले. तुमच्या आजोबांना दिली नाही, थोरल्यांना बोलावलं नाही, मला दिली. तोवरच्या सगळ्या वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल एवढं चांगलं दुसरं काही म्हटलं नव्हतं.

मी रजा काढली. पहिल्या दिवशी उजाडताना पोचले. घडीची खुर्ची, छत्री, पाण्याची बाटली, दोन पेन्सिली. आधी त्यांच्या जागेवर, कडुनिंबाखाली बसून पाहिलं आणि मला हसू आलं. तिथून बीळ दिसतच नव्हतं! दिसायची ती तार आणि कड्याची वरची धार. एवढा काटेकोर माणूस वर्षानुवर्षं अशा आडोशाला बसून अंदाजानं चिंचोके टाकत आला, असं मला वाटलं. मी ते सुधारायचं ठरवलं. खुर्ची उचलली, वळसा घालून पुढच्या अंगाला आले आणि बिळाच्या बरोबर समोर, वीस पावलांवर मांडली. बिळाचं तोंड तळहातासारखं स्वच्छ दिसत होतं. मुंगी आत गेली असती तरी माझ्या नजरेतून सुटली नसती.

जोडी तारेवर आली. चोचीत माशी होती. ट्री-ट्री करत बसली. मान इकडे, मान तिकडे. मी घड्याळ लावलं. बारा मिनिटांनी एकानं ती माशी स्वतःच खाल्ली. दुसरा उडून गेला, परत आला, बसला, पुन्हा गेला. आत कोणी गेलं नाही. मी लिहिलं, “आत गेले – ०.”

संध्याकाळी दवाखान्यात गेले. मामंजी उताणे, डोळ्यावर पट्टी, दोन्ही हात अंगावर जुळवलेले.

“आज?”

“शून्य.”

“नक्की?”

“माझी नजर हलली नाही.”

दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. तिन्ही दिवस ती जोडी चोचीत किडे घेऊन तारेवर बसून राहायची, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी ‘आत गेले का’ एवढंच विचारलं होतं, मी तेवढंच उत्तर दिलं. मी मुद्दाम लपवलं का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. तिसऱ्या सकाळी, बीळ रिकामं असेल तर हे दोघे घास घेऊन इथे का बसतात, असं माझ्या मनात आलं होतं. आलं, आणि मी ते बाजूला ठेवलं. वाटलं ते लिहायचं नव्हतं ना? माझी खोली, तुमच्या आईची खोली, दिवाळी, सगळं त्या शून्यावर उभं होतं.

“आज?” तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी विचारलं.

“शून्य.”

पट्टीखालून त्यांनी मान हलवली. “बरं. पाड.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन आलं. पिवळा लोखंडी हात कड्याच्या माथ्यावर टेकला आणि माती ढासळली. पहिली तीन बिळं रिकामी निघाली, त्यांत नुसते माश्यांच्या पंखांचे थर. चौथं फुटलं तेव्हा आधी वास आला, डोळ्यांत पाणी आणणारा उग्र वास. मग मातीच्या ढेकळांतून काहीतरी हललं. रमणभाई मशीनवाल्याला हात करत पुढे धावले.

“बेन, आ तो जीवता छे!”

चार जिवंत होती. पिसांच्या काड्या नुकत्या फुटायला लागलेल्या, सर्वांत मोठ्याच्या पाठीवर हिरवा रंग दिसत होता. पाचवं सर्वांत लहान. ते मेलेलं होतं, आणि मशीननं मेलेलं नव्हतं. काडीसारखं सुकलं होतं. बाकीच्यांच्या पायांखाली पार चपटं झालेलं होतं.

“शुं करुं, बेन?” रमणभाई विचारत होते. काय करू? मशीन संध्याकाळपर्यंतच आमचं होतं.

मी पिल्लं छत्रीत गोळा केली, कडुनिंबाखाली ठेवली आणि म्हणाले, “चालू ठेवा.”

जोडी आली. चोचीत चतुर होता. छत्री त्यांच्यापासून दहा पावलांवर होती, पिल्लं ओरडत होती, पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. जिथे बीळ होतं, तिथल्या रिकाम्या हवेत, जमिनीपासून पुरुषभर उंचीवर, दोघं पंख फडफडवत एका जागी थांबायची, मागे फिरायची, पुन्हा तिथेच यायची. खाली मशीन चाललं होतं, तरी येत होती. दुपारपर्यंत येत होती. मी घरून आणलेला डबा उघडून पिल्लांना भाताची शितं भरवायला गेले. राघूच्या पिल्लांना भात! संध्याकाळपर्यंत चारही गेली. कडाही सपाट झाला. काम नीट झालं होतं.

मामंजी घरी आले ते एका डोळ्यावर हिरव्या फडक्याची झापड लावून. त्यांना कोणी दुसऱ्यानं सांगू नये म्हणून मीच सांगितलं. ते खाटेवर बसले होते, मी उभी होते.

“किती होती?”

“चार जिवंत. एक आधीच मेलेलं.”

“आधी म्हणजे?”

“सुकलेलं.”

 मग एकच प्रश्न विचारला. “बसली कुठे होतीस?”

“समोर. म्हणजे, बीळ नीट दिसावं म्हणून.”

“बीळ तुला दिसतंय, हे त्याला दिसत होतं,” ते हळूच म्हणाले. “बघणाऱ्याला दार दिसतंय असं कळलं की राघू आत जात नाही. घास घेऊन बसून राहतो. तू उठून गेल्यावर जात असेल, पण तोवर अर्धा दिवस गेलेला. ते शेवटचं त्या तीन दिवसांत मेलं.” मग म्हणाले, “मी झाडामागे का बसतो, असं तुला कधी वाटलं नाही?”

“मला वाटलं, सावलीसाठी.”

मी वाट पाहत उभी राहिले. आता काहीतरी येईल, सुधाबाईपासून सुरू होणारं, हाडापर्यंत जाणारं. मी ते झेलायला तयार होते. ते म्हणाले, “बरं,” आणि कुशीवर वळले.

दिवाळीआधी आम्ही गोत्रीच्या घरात राहायला आलो. प्लास्टर ओलं होतं, खिडक्यांना काचा नव्हत्या, पण दोन खोल्या आणि स्वयंपाकघर होतं, आणि तुमच्या आईला दार बंद करून अभ्यास करता येत होता. पहिल्या दिवशी मी मामंजींना पान वाढलं. आमटीत मीठ दुप्पट पडलं होतं.

“कशी झालीय?” मी विचारलं.

“छान.”

मला वाटलं, थट्टा. ती थट्टा नव्हती. त्या दिवसापासून सगळंच छान झालं. भात करपला तरी छान. चहा गार आला तरी छान. तुमच्या आईला बारावीत अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले, तिनं घाबरत निकाल दाखवला. “छान.” तुमच्या आजोबांना तर एके काळी हेच हवं होतं. ते मला म्हणाले, “बाबा निवळले गं. वयानं होतं असं.”  मी एकदा मुद्दाम भेंडीची भाजी चिकट केली. एकदा आमटीत मीठच घातलं नाही. त्यांनी पान स्वच्छ केलं, हात धुतले, “छान होतं” म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. नव्या डोळ्यानं त्यांना बारीक अक्षरसुद्धा वाचता येत होतं.

पुढच्या वर्षी होळीला एक जोडी आली. बांधकामाची रेती अंगणात ढिगानं पडली होती, त्या ढिगाच्या उभ्या बाजूला लटकून ती कोरायला लागली. रेती कोरडी, बीळ सारखं ढासळायचं, ती पुन्हा कोरायची. मी धावत आत गेले.

“मामंजी, राघू आलेत! रेतीत बीळ कोरतायत. मागच्या खिडकीतून बघा, तिथून त्यांना आपण दिसणार नाही.”

त्यांनी मान वर केली नाही. “छान,” ते म्हणाले आणि पान उलटलं.

त्या घरात ते चार वर्षं आमच्यात होते. गोत्रीत चारी बाजूंनी घरं झाली, तारा वाढल्या, तारांवर राघू बसायचे. मामंजी व्हरांड्यात त्यांच्याकडे पाठ करून खुर्ची ठेवायचे. शेवटच्या आजारात ते खाटेला खिळले. मी रजा टाकून दिवसभर घरी असायचे. एका दुपारी पेज भरवत होते. घर शांत होतं, माझा धीर सुटला. वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, “मामंजी, एकदा बोला मला. काय वाट्टेल ते बोला. चार वर्षं झाली. मी चुकले. तुम्ही मला वही दिली होती आणि मी समोर बसले. आणि ते दोघं घास घेऊन बसायचे, तेही मी तुम्हाला सांगितलं नाही. मला दिसत होतं.”

हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांची नजर अगदी स्वच्छ होती.

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “किडा घेऊन बसणार नाही तर काय करणार तो? तुझ्या पहिल्या शून्यालाच मी विचारायला हवं होतं, कुठे बसलीस. विचारलं नाही. मलाही घर हवं होतं.”

 मी त्यांचा हात धरायला गेले. तो त्यांनी काढून घेतला नाही, पण माझा धरलाही नाही.

“मग बोलत का नाही तुम्ही?”

“तुला बोललो तर तू मोकळी होशील,” मामंजी म्हणाले. “मला कोण बोलणार?”

मी वाटी उचलली. उरलेली पेज त्यांना भरवली. त्यानंतर ते अकरा दिवस होते. त्या अकरा दिवसांत मी जे जे केलं, ते सगळं छान होतं.